तीस पायऱ्या आणि आठ लाख बेरजा

दोस्तांनो, जिना चढताना तुम्ही कधी एकेक पायरी चढता, तर कधी घाईत दोन-दोन. मग सांगा पाहू, दहा पायऱ्यांचा जिना असा किती प्रकारांनी चढता येईल?

दहाव्या पायरीवर तुम्ही एक तर नववीवरून येणार, नाही तर आठवीवरून. म्हणजे नऊ पायऱ्यांचे प्रकार आणि आठ पायऱ्यांचे प्रकार यांची बेरीज केली की झालं! एका पायरीचा प्रकार १, दोनचे २. पुढे ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५ आणि दहाचे ८९.

या संख्या फिबोनाची या इटालियन गणितज्ञाच्या नावाने ओळखल्या जातात. त्याचं पुस्तक १२०२ सालचं. पण लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन, हे तुम्ही व्याकरणात शिकता ना? ठरावीक मात्रांत लघू-गुरू किती तऱ्हांनी बसतात, हे मोजताना आपल्या हेमचंद्रांनी बाराव्या शतकात, फिबोनाचीच्या आधीच, हाच नियम सांगितला होता, बरं का!

आता हेच काम कॉम्प्युटरला देऊ या. एक रीत लूपची: खालून सुरुवात करायची आणि शेवटच्या दोन संख्या मिळवत वर जायचं. तीस पायऱ्यांना फक्त २८ बेरजा.

दुसरी रीत रिकर्शनची. इथे फंक्शन स्वतःलाच हाक मारतं. दहाचं उत्तर हवंय? नऊचं आणि आठचं विचार. नऊचं? आठचं आणि सातचं विचार. अरेच्चा, आठचं दोनदा विचारलं की! सातचं तीनदा विचारलं जातं, सहाचं पाच वेळा. प्रोग्रॅम दिसतो छोटा नि सुंदर, पण तीस पायऱ्यांना बेरजा होतात ८,३२,०३९! सेकंदाला एक बेरीज धरली, तर लूपला अर्धं मिनिटही लागत नाही. रिकर्शनला न जेवता, न झोपता साडेनऊ दिवस! चाळीस पायऱ्यांना तर तीन वर्षांहून जास्त. नवा, वेगवान कॉम्प्युटर आणा म्हणून बाबांच्या मागे लागण्यात अर्थ नाही, कारण दर वाढत्या पायरीला काम जवळजवळ १.६ पट होतं.

पण रिकर्शनला उगाच बदनाम करू नका. काढलेलं प्रत्येक उत्तर वहीत टिपून ठेवायला सांगितलं, की त्याच्याही बेरजा २८च होतात. परत कुठे जायचं हे प्रत्येक हाकेला लक्षात ठेवावं लागतं, तेवढा थोडा वेळ जास्त.

आणि हनोईचा मनोरा घ्या. एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १८८३ साली हे कोडं आणलं. दहा चकत्या हलवायला निदान १०२३ खेळ्या लागतातच. तिथे लूप वापरा की रिकर्शन, एकही खेळी वाचत नाही.

आता तुमची पाळी. तीन-तीन पायऱ्यांची उडीही चालत असेल, तर चार पायऱ्यांचे ७ प्रकार होतात. दहाचे किती? आई-बाबांनाही बसवा कामाला, पण वही उघडी ठेवून!