चित्रफीत फाइलच्या आत की बाहेर?

शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही लंबकावर बोलायला गेलो होतो. सादरीकरणाची फाइल पेन ड्राइव्हवर घेतलेली होती. लंबकाच्या चित्रफितीचे पान आले आणि पडद्यावर नुसता काळा चौकोन उमटला. काही केल्या चित्रफीत सुरू होईना. शेवटी सुतळीला कुलूप बांधले व तेच हलवून दाखवले. (चित्रफितीपेक्षा कुलूपच सर्वांना अधिक पटले, हे कबूल केले पाहिजे.)

चूक आमचीच होती. चित्रफीत घरच्या संगणकातच राहिली होती. फाइलमध्ये होता तो फक्त तिचा पत्ता. चित्रफीत पानावर टाकताना ती प्रत्यक्ष आत भरायची की तिचा केवळ दुवा द्यायचा, असे दोन मार्ग असतात. दिसायला दोन्ही पाने सारखीच. पॉवरपॉइंटच्या २०१० पूर्वीच्या आवृत्त्यांत तर चित्रफीत बाहेरच राहत असे.

बाहेर ठेवण्यामागे कारण आहे आकारमानाचे. एक साधा हिशोब करून पाहू. ६४० × ४८० बिंदूंचे चित्र, प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी ३ बाइट आणि सेकंदाला २५ चित्रे. म्हणजे सेकंदाला सुमारे २ कोटी ३० लाख बाइट झाले! एका मिनिटात जवळजवळ दोन सीडी भरतील. मग मोबाइलमध्ये तासभराची चित्रफीत मावते कशी? लंबक हलतो, पण त्यामागची भिंत हलत नाही. तेव्हा प्रत्येक वेळी भिंत नव्याने नोंदवण्याऐवजी आधीच्या चित्रापेक्षा काय बदलले तेवढेच नोंदवतात. असे संक्षेपण करणाऱ्या व पुन्हा उलगडणाऱ्या पद्धतीला कोडेक म्हणतात.

येथे आणखी एक गोम आहे. फाइलच्या नावापुढचे 'एमपी४' हे डब्याचे नाव आहे, आतल्या पदार्थाचे नव्हे. त्याच डब्यात २००३ चा एच.२६४ कोडेक असू शकतो किंवा २०१३ चा एच.२६५. दुसरा कमी जागा घेतो, पण जुन्या संगणकाला बऱ्याचदा तो उलगडता येत नाही. त्यामुळे चित्रफीत आत असूनही आवाज तेवढा येतो, चित्र नाही. वर्गासाठी आम्ही एच.२६४ च वापरतो.

पण सगळे आत भरले म्हणजे निश्चिंत झालो, असेही नाही. पीडीएफचे उदाहरण घ्या. अडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणलेला हा प्रकार पान जसेच्या तसे दिसावे म्हणून होता. पुढे त्यात ध्वनी व चित्रफिती आल्या आणि २००८ मध्ये फ्लॅश या तंत्राची हलती चित्रेही बसवता येऊ लागली. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार काढून घेण्यात आला. ती चित्रे फाइलमध्ये आजही शाबूत आहेत, मात्र ती वाचणारा उरला नाही. दीर्घकाळ जतन करण्यासाठी २००५ मध्ये ठरवलेल्या पीडीएफ/ए या मानकात ध्वनी व चित्रफितींना मनाईच आहे. तेव्हा आम्हाला ती फार सोवळी वाटली होती. आता तसे वाटत नाही.

कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' प्रकल्पाने (स्थापना २००२) आपले जावा व फ्लॅशमधील अनेक प्रयोग एचटीएमएल५ मध्ये नव्याने लिहून काढले. काम मोठे होते, पण आता एक प्रयोग म्हणजे एकच फाइल. ती कोणत्याही साध्या ब्राउझरमध्ये, इंटरनेट नसतानाही चालते, आणि मुलांना लंबकाची लांबी स्वतः बदलून पाहता येते. यातले काही प्रयोग मराठीतही आहेत.

आपली चित्रफीत आत आहे की बाहेर, हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. सादरीकरणाच्या फाइलची प्रत काढा व तिच्या नावाच्या शेवटी 'पीपीटीएक्स' ऐवजी 'झिप' लिहा. ती उघडली की 'पीपीटी' नावाचा फोल्डर दिसेल व त्यात 'मीडिया' हा दुसरा. चित्रफीत तेथे नसेल, तर निघण्यापूर्वी पिशवीत सुतळी आणि कुलूप टाका.