लिव्हरमधली गाठ आणि एमआरआयचं इंजेक्शन

पोटदुखीसाठी सोनोग्राफी केली आणि रिपोर्टमध्ये लिव्हरमध्ये गाठ असल्याचं आलं, की घरात थेट कॅन्सरचीच भाषा सुरू होते. सुरगाणा, पेठ, कळवणहून माणसं असा कागद घेऊन नाशिकला येतात. लिव्हरचा जुना आजार नसलेल्या, पूर्वी कॅन्सर न झालेल्या माणसात अशी अचानक सापडलेली गाठ बहुतेक वेळा साधी असते. ती कोणती, हे गाठीचा तुकडा न काढताही बहुधा कळतं. त्यासाठी कॉन्ट्रास्टचं औषध देऊन एमआरआय करतात.

औषध काय करतं?

हाताच्या शिरेतून गॅडोलिनियमचं औषध देतात. ते जिथे पोचतं तिथला भाग फोटोत उजळतो. लिव्हरला सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल व्हेनमधून मिळतं, बाकीचं धमनीतून. औषध धमनीतून आधी पोचतं, त्यामुळे धमनीच्या रक्तावर पोसलेली गाठ पहिल्या अर्ध्या मिनिटातच चमकते. पुढे काही मिनिटं फोटो घेत राहतात, कारण ती कधी उजळते आणि कधी मावळते यावर निदान ठरतं.

तीन नेहमीच्या गाठी

हिमँजिओमा म्हणजे रक्तवाहिन्यांचा गुच्छ. तो कडेने ठिपक्याठिपक्यांनी उजळतो आणि हळूहळू मध्याकडे भरत जातो. एफएनएच (फोकल नोड्युलर हायपरप्लेशिया) ही गाठ सुरुवातीलाच जवळजवळ पूर्ण चमकते, मधला व्रण मात्र मागाहून उजळतो. या दोन्ही गाठींना सहसा उपचार लागत नाहीत.

अडिनोमाचं तसं नाही. बऱ्याचदा गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत आढळणारी ही गाठ फुटून रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित तिचा कॅन्सरही होतो. ५ सेंमीपेक्षा मोठी असेल किंवा पुरुषात असेल, तर सहसा ती काढण्याचा सल्ला देतात. म्हणून एफएनएच की अडिनोमा, हा प्रश्न सोडवणं फार गरजेचं.

औषधाची निवड

इथे गॅडॉक्सेटेट हे गॅडोलिनियमचंच एक वेगळं औषध कामी येतं. त्याचा जवळपास निम्मा भाग लिव्हरच्या पेशी शोषून पित्तात सोडतात. २० मिनिटांनी घेतलेल्या फोटोत एफएनएच लिव्हरइतकीच किंवा जास्त उजळ दिसते. अडिनोमा बहुधा काळा. काही अडिनोमा उजळही राहतात, त्यामुळे एका फोटोवर निकाल देऊ नये. हिमँजिओमाचा संशय असेल तर साधं गॅडोलिनियम बरं, कारण गॅडॉक्सेटेटने उशिराच्या फोटोत तोही काळा दिसून घोटाळा होतो. हे महागडं औषध प्रत्येकाला लागत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

किडनीचं काय?

किडनी खूपच अशक्त असेल, तर काही जुन्या गॅडोलिनियम औषधांनी त्वचा आणि अवयव कडक होण्याचा दुर्मीळ आजार होऊ शकतो. २००६ मध्ये हा संबंध लक्षात आल्यावर नियम कडक झाले. गरोदरपणात हे इंजेक्शन शक्यतो टाळतात.

तपासणीला जाताना

जुने रिपोर्ट आणि फिल्म सोबत न्या. किडनीचा आजार, पूर्वीची ॲलर्जी, पेसमेकर, चालू गोळ्या हे सगळं सांगा. आणि चिठ्ठीवर नुसतं 'लिव्हर एमआरआय' असेल, तर नेमकी शंका कोणती आहे ते डॉक्टरांना त्यावर लिहायला सांगा. औषध त्यावरूनच ठरतं.