गर्भिणीचें ताट व संततीचें मन

१९४४ च्या सप्टेंबरांत नेदरलँड्समधील रेल्वे-कामगारांनीं संप केला. त्याचें शासन म्हणून जर्मन सैन्यानें पश्चिमेकडील शहरांची रसद रोखली. त्या हिवाळ्यांत दर माणशीं शिधा दिवसास १००० कॅलरींच्याही खालीं गेला. लोकांनीं ट्यूलिप फुलांचे कंद खाल्ले.

शिध्याच्या नोंदी तेथें नीट राहिल्या (जन्मभर दप्तर सांभाळलेल्या आम्हांस याचें मोल कळतें), म्हणून पुढील गोष्ट उघडकीस आली. भर दुष्काळांत ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्यांत मोठेपणीं छिन्नमनस्कता या मनोविकाराचें प्रमाण सुमारें दुप्पट आढळलें. बहुतेकजण निरोगीच राहिले, हेंही सांगितलें पाहिजे. चीनमधील १९५९ ते १९६१ च्या दुष्काळानंतरही असेंच दिसून आलें.

आमच्या वाचकांच्या घरीं धान्याची वाण नाहीं. तरी गर्भिणी सून सर्वांमागून जेवते, व उरेल तें तिच्या वाट्यास येतें. पिकाची पैसेवारी आम्हीं पुष्कळ लिहिली. ही तूट मात्र कोणत्याच कागदावर चढली नाहीं. तिचें ताट पुरुषांबरोबरच वाढावें. त्यांत डाळ, पालेभाजी, दूध असावें. दिवस गेल्याचें घरांत कळेपर्यंत पहिले आठवडे निघून जातात. म्हणून ही व्यवस्था सून घरांत येतांच सुरू करावी.