मशीनला पाय लावण्याआधी

आमच्या शॉपमध्ये मशीनला चुकून पाय लागला तर हात लावून नमस्कार करायची पद्धत आहे. खंडेनवमीला लेथपासून स्पॅनरपर्यंत सगळ्यांना झेंडू मिळतो. त्यामुळे फोनवर कुणी "मशीनला पाय लावायचाय" म्हणालं की अजूनही हसू येतं. त्याला म्हणायचं असतं रास्पबेरी पाय, पत्त्यांच्या कॅटाएवढा सिंगल-बोर्ड कॉम्प्युटर. जुन्या मिलिंग मशीनचा मेलेला कंट्रोलर काढायचा, त्या जागी हा बोर्ड ठेवायचा आणि त्यावर लिनक्ससीएनसी हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर चालवायचं, असा बेत असतो. बेत चांगला आहे, मीही केलाय. पण पुढचा प्रश्न ठरलेला: "सपोर्ट आहे ना?" त्याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण त्यात तीन प्रश्न दडलेले असतात. बोर्डवर सॉफ्टवेअर सुरू होतं का, ते वेळ पाळतं का, आणि मोटरपर्यंत पल्स कोण पोचवतं?

"चार कोअर आहेत, गिगाहर्ट्झमध्ये स्पीड आहे, सहज ओढेल"

हा सगळ्यांत चिवट गैरसमज. अर्डुइनो उनोवरची चिप १६ मेगाहर्ट्झची. तिच्यावर चालणारं ग्रबल हे कंट्रोलर सॉफ्टवेअर सेकंदाला ३०,००० पल्स देतं. पाय ४ ची घड्याळगती त्याच्या नव्वदपटीहून जास्त, तरी नुसत्या पायमधून तेवढ्या स्वच्छ पल्स निघतीलच असं नाही. उनो म्हणजे एकट्याचं बिऱ्हाड. पाय म्हणजे भरलेली चाळ: वायफाय, यूएसबी, डिस्प्ले, एसडी कार्ड, आणि प्रत्येकजण मधेच येऊन दार वाजवणार.

गणित करून बघा. स्टेपर मोटर २०० स्टेपची, ड्राइव्हवर १० मायक्रोस्टेप, स्क्रू फेऱ्याला ५ मिमी सरकवणारा. म्हणजे १ मिमीसाठी ४०० पल्स. टेबल मिनिटाला ३,००० मिमी पळवायचं तर सेकंदाला २०,००० पल्स, आणि दोन पल्समध्ये ५० मायक्रोसेकंद. आता एखादी पल्स ३० मायक्रोसेकंद उशिरा निघाली, तर पुढची तिच्या पाठोपाठ २० मायक्रोसेकंदांतच येऊन धडकते. मोटरच्या लेखी त्या क्षणी वेग अडीचपट झाला. भरवेगात तिच्याकडे तेवढा जोर शिल्लक नसेल, तर ती घर्र करून जागीच थरथरते. साध्या स्टेपरला फीडबॅक नसतो, त्यामुळे स्क्रीनवरचा आकडा मात्र निवांत पुढे जात राहतो. जॉब भंगारात.

द्रुत वाजवणारा तबलजी वेगळा आणि सम न चुकवणारा वेगळा. मशीनला दुसरा लागतो.

समेवर येतो की नाही, हे तपासायची सोय लिनक्ससीएनसीमध्येच आहे. लेटन्सी-टेस्ट चालवली की छोटी खिडकी उघडते आणि तिच्यात दोन ओळी दिसतात: एक १ मिलिसेकंदाच्या सर्व्हो थ्रेडची, दुसरी २५ मायक्रोसेकंदांच्या बेस थ्रेडची. बघायचा आकडा 'मॅक्स जिटर', म्हणजे वेळ जास्तीत जास्त किती चुकली; तो नॅनोसेकंदांत येतो. नुसती टेस्ट लावून चहाला जायचं नाही. गिअर फिरवून दाखवणाऱ्या ग्लएक्सगिअर्सच्या चार-पाच खिडक्या उघडायच्या, त्या माउसनं ओढत राहायच्या, बाजूला मोठी फाइल कॉपी करायची. १५-२० हजारांच्या आत राहिला तर उत्तम, लाखाच्या वर गेला तर त्या कॉम्प्युटरकडून थेट पल्स काढायचा नाद सोडावा. माझ्या एका बोर्डवर आकडा दुपारभर शहाण्यासारखा बसून होता आणि पेन ड्राइव्ह लावल्याबरोबर उडाला. कारण निघालं फोनचा चार्जर. ५ व्होल्टची लाइन साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेली की पाय स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह दाखवतो आणि स्वतःचा वेग उतरवतो. महिनाभर मी सॉफ्टवेअरला शिव्या घालत होतो.

"लिनक्स रिअल-टाइम नाही, त्याच्यावर मशीन चालवणं म्हणजे जुगार"

साधं लिनक्स ठरल्या वेळेची हमी देत नाही, हे खरं. म्हणूनच लिनक्ससीएनसी साध्या कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या नेहमीच्या गाभ्यावर, प्रत्यक्ष मशीन चालवायला सांगत नाही. जुन्या पीसींवर त्यासाठी इटलीतल्या मिलान पॉलिटेक्निकमध्ये जन्मलेलं आरटीएआय वापरलं जायचं. आजच्या सिंगल-बोर्ड कॉम्प्युटरांचा रस्ता प्रीएम्प्ट-आरटीनं मोकळा केला. वीस वर्षं बाहेरून जोडायचा पॅच म्हणून वाढलेलं हे काम सप्टेंबर २०२४ मध्ये मुख्य कर्नलमध्ये पूर्णपणे सामील झालं आणि ६.१२ या आवृत्तीत आलं, तेही एक्स८६, ६४-बिट आर्म आणि रिस्क-फाइव्हसाठी. पाय ४ आणि ५ त्या ६४-बिट गटात बसतात.

मात्र कर्नलमध्ये सोय आली म्हणजे ती तुमच्या कार्डावर चालू आहे असं नव्हे. रास्पबेरी पायच्या नेहमीच्या सिस्टिममध्ये ती बंदच असते. पाय ४ आणि ५ साठी लिनक्ससीएनसीनं रिअल-टाइम कर्नलसकट तयार इमेज दिल्या आहेत, त्या वापराव्यात. नाहीतर लोक नेहमीची सिस्टिम टाकतात, वरून पॅकेज चढवतात, आणि मग लिनक्सच्या नावानं बोटं मोडतात.

"पिना आहेत की, जोडून टाकू"

इथे दोन टोकांचे दोन गैरसमज आहेत. पहिला म्हणतो, जुन्या पीसीतून पल्स ज्यातून निघायच्या तो पॅरलल पोर्ट पायला नाही, म्हणून काही होणार नाही. दुसरा म्हणतो, ४० पिना आहेत, ड्राइव्हच्या वायरी थेट खोचा. दुसरा जास्त महागात पडतो. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या. बाहेरून ५ व्होल्ट आत आले तर पिन जाते, कधी अख्खा बोर्ड. आणि ५ व्होल्टची अपेक्षा धरणाऱ्या ड्राइव्हला ३.३ व्होल्ट कधी ऐकू येतात, कधी नाही. मधे बफर हवाच. स्पिंडलच्या व्हीएफडीशेजारून या वायरी नेल्या तर गोंगाटाचा वेगळा ताप.

पण खरा मुद्दा वायरिंगचा नाही, कामाच्या वाटणीचा आहे. छोट्या, संथ राउटरला थेट पायच्या पिनांवरून पल्स देता येतात. मोठ्या मशीनला पल्स काढायचं काम पायकडे ठेवूच नये. अमेरिकेतल्या मेसा कंपनीची एफपीजीए कार्डं नेमकं हेच करतात. पाय दर मिलिसेकंदाला कार्डाला सांगतो, अमुक अक्ष अमुक वेगानं जाऊ दे. पल्स कार्ड स्वतः काढतं आणि प्रत्यक्ष जागा परत कळवतं. आता पायचा निरोप १०० मायक्रोसेकंद उशिरा पोचला तरी आकाश कोसळत नाही. वर सांगितलेल्या वेगाला तेवढ्या वेळात टेबलच मुळात ५ मायक्रॉन सरकतं. पल्सची लय तुटत नाही, मोटर अडकत नाही.

हीच वाटणी २०१३ च्या बीगलबोन ब्लॅक या बोर्डनं एकाच चिपमध्ये करून दाखवली होती. मुख्य प्रोसेसर १ गिगाहर्ट्झचा, आज बघायला गेलं तर अगदीच सामान्य, आणि मेमरी फक्त ५१२ एमबी. पण त्याच्या पोटात २०० मेगाहर्ट्झचे दोन पीआरयू, म्हणजे छोटे स्वतंत्र प्रोसेसर, आहेत, बहुतेक सूचना ५ नॅनोसेकंदांत उरकणारे, आणि त्यांच्यावर लिनक्सची सत्ता चालत नाही. चाळीत कितीही गोंधळ असो, हे दोघे पल्स काढत राहतात. लिनक्ससीएनसीतून फुटून निघालेलं मशीनकिट या बोर्डवरच नावारूपाला आलं. माझ्या मते मशीन चालवण्यासाठी तो बोर्ड कित्येक नव्या, चकचकीत बोर्डांपेक्षा जास्त विचार करून बनवलेला होता. गाजला मात्र पाय, कारण तो कुठेही मिळतो.

"पाय ४ वर चालतं म्हणजे पाय ५ वर आणखी छान चालेल"

इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय. पाय ५ आला ऑक्टोबर २०२३ मध्ये. ४ वर चालणारी जुळणी तशीच्या तशी उचलून त्याच्यावर ठेवली आणि पिना ढिम्म. पिनांची रांग तीच, छिद्रं तीच, आत मात्र घर बदललेलं. आधीच्या सगळ्या पायमध्ये पिना मुख्य चिपलाच जोडलेल्या असायच्या. ५ मध्ये त्या आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपकडे गेल्या आणि ती पीसीआय एक्स्प्रेसवरून बोलते. लिनक्ससीएनसीचा जुना पिन-ड्रायव्हर कर्नलला न विचारता थेट चिपच्या पत्त्यावर लिहायचा, म्हणून तर तो चपळ होता. तो पत्ताच गेला. तसा तो आधीही बदललाच होता: पहिल्या पायमध्ये २० नं सुरू होणारा, २ आणि ३ मध्ये ३एफ नं, ४ मध्ये एफई नं. प्रत्येक वेळी कुणीतरी बसून ड्रायव्हर दुरुस्त केला. ५ साठी वेगळा मार्ग काढावा लागला, मेसा कार्डांसाठी एसपीआयचा ड्रायव्हर नव्यानं लिहिला गेला, आणि मग गाडी रुळावर आली.

उलट उदाहरणही आहे. पाय ३ चा इथरनेट यूएसबीच्या पाठीवर बसलेला, त्यामुळे इथरनेटवरच्या मेसा कार्डाशी त्याचं वेळेचं गणित जमवणं कठीण. ४ मध्ये इथरनेट स्वतंत्र झाला आणि तीच कार्डं वापरण्याजोगी झाली. वेग वाढला म्हणून नव्हे, मधला यूएसबीचा दलाल गेला म्हणून.

मग 'पायसारख्याच' दिसणाऱ्या इतर बोर्डांचं काय, ते समजलंच असेल. ४० पिनांची रांग सारखी दिसते. आत ऑलविनरची चिप असते, नाहीतर रॉकचिपची. लिनक्स चालू होईल, लिनक्ससीएनसीची खिडकीही उघडेल. पिन हलवणारा ड्रायव्हर कुणी लिहिलाय का, एवढं आधी बघा. मुक्तस्रोतात सपोर्ट म्हणजे कॉल सेंटर नव्हे. तो बोर्ड ज्याच्या टेबलावर आहे आणि ज्याला खाज आहे अशा माणसानं ते काम केलेलं असणं, हाच सपोर्ट.

ग्रबल आणि क्लिपरबद्दल थोडक्यात. "माझ्या पायवर ग्रबल चालतं" असं म्हणणाऱ्याच्या पायवर बहुधा फक्त जी-कोड पाठवणारा प्रोग्रॅम असतो, कंट्रोलर शेजारचा अर्डुइनो असतो. थ्रीडी प्रिंटरवाल्यांचं क्लिपर थोडं वेगळं: हालचालीचं गणित पाय करतो, पण कुठली पल्स नेमकी कधी द्यायची, ते वेळापत्रक प्रिंटरच्या बोर्डावरचा मायक्रोकंट्रोलर पाळतो. पुन्हा तीच वाटणी.

"फुकटचं आहे, हौशी पोरांचं खेळणं"

लिनक्ससीएनसीचा उगम गॅरेजमधला नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेनं १९९० च्या दशकात एन्हान्स्ड मशीन कंट्रोलर, म्हणजे ईएमसी, नावाचा प्रकल्प हाती घेतला आणि तो जनरल मोटर्सच्या पाँटिॲक इथल्या खऱ्या मशीनिंग सेंटरवर चालवून बघितला. सरकारी काम म्हणून कोड सर्वांना खुला होता. पुढे स्वयंसेवकांनी तो वाढवला, आणि ईएमसी ही आद्याक्षरं दुसऱ्या एका कंपनीचा ट्रेडमार्क असल्यामुळे २०११ च्या सुमारास नाव बदललं. फुकट फक्त सॉफ्टवेअर आहे. पाय, चांगला पॉवर सप्लाय, एफपीजीए कार्ड, दर्जेदार एसडी कार्ड आणि गार राहणारा डबा यांची बेरीज केली की कधीकधी जुना ऑफिसचा पीसी स्वस्त पडतो आणि जिटरमध्येही बरा निघतो. कॅबिनेटमध्ये जागा असेल तर मी आजही पीसीच सुचवतो. ऐकतं कोण!

शेवटचा गैरसमज लाल बटणाचा. इमर्जन्सी स्टॉप पायच्या पिनेला जोडला आणि सॉफ्टवेअरला कळवलं की झालं, असं वाटतं. सॉफ्टवेअरला कळवावंच, पण ड्राइव्ह आणि स्पिंडलची वीज त्या बटणातून थेट तुटली पाहिजे, मधे कुठलाही कॉम्प्युटर नको. कारण कॉम्प्युटर सुरू होतानाही काहीतरी करत असतो. पायमध्ये लिनक्स जागं होण्याआधीच ० ते ८ क्रमांकाच्या पिना आतल्या रेझिस्टरनं वर ओढलेल्या असतात, ९ ते २७ खाली. मला हे माहीत नव्हतं. मी स्पिंडलच्या रिलेचं मॉसफेट मॉड्यूल ४ क्रमांकावर जोडलं होतं. सकाळी मेन स्विच टाकला, स्क्रीनवर अजून चार रास्पबेऱ्याच दिसत होत्या, आणि स्पिंडल फिरायला लागला. टेबलावर क्लॅम्प होता, हात नव्हता. त्याच दुपारी रिले १७ क्रमांकाच्या पिनेवर गेला, आणि त्याची वायर आधी लाल बटणातून.