चिवट मांस मऊ कसं होतं?

फ्रान्सच्या बर्गंडी भागात रेड वाइन घालून केलेला बीफ स्ट्यू दोन-तीन तास मंद आचेवर रटरटतो. अर्ध्या तासाने चाखला तर मांस चिवट लागतं. पुढे तेच चमच्याने तुटतं. असं का?

साधारण ६० अंश सेल्सिअसपुढे स्नायूंचे तंतू आकसतात आणि पिळलेल्या कपड्यासारखं पाणी बाहेर टाकतात. या तंतूंना बांधून ठेवणारं कोलॅजेन मात्र ७० अंशांच्या पुढे, सावकाश विरघळतं आणि त्याचं जिलेटिन होतं. बांधणी सुटते, रस्सा दाटतो. म्हणून खांद्याचं किंवा पायाचं, राबलेल्या स्नायूंचं मांसच घ्यावं. महागड्या मऊ तुकड्यांत कोलॅजेन कमी, ते इथे नुसते कोरडे पडतात.

उरलेला स्ट्यू फ्रिजमध्ये थिजतो तोही जिलेटिनमुळे. गरम केला की पुन्हा पातळ होतो.