सुट्टीचा हप्ता : टाइमशेअरची चाळीस वर्षं

नोकरदार मराठी घराची सुट्टी पूर्वी ठरलेली असे. मुलांची परीक्षा संपली की मामाचं गाव. बाबा बँकेत, एलआयसीत किंवा रेल्वेत असतील तर तीन-चार वर्षांतून एकदा हॉलिडे होम. महाबळेश्वर, माथेरान किंवा गोव्यातल्या त्या खोलीसाठी महिनोन् महिने आधी अर्ज द्यायचा, नंबर लागला की स्टोव्ह आणि चादरी घेऊन निघायचं. एलटीसीत प्रवासभाडं मिळे, राहण्याचा खर्च मात्र आपला. १९८४ साली केसरी पाटलांनी केसरी टूर्स सुरू केली आणि मराठी माणूस ग्रुपनं लांबच्या सहली करू लागला. तरी एक जागा रिकामीच होती. आपल्या सोयीनं जावं, चांगल्या ठिकाणी आठवडाभर राहावं, दुपारी झोपावं, वाटलं तर खोलीतच खिचडी टाकावी, आणि दर वर्षी हॉटेल शोधायची कटकट नसावी. टाइमशेअरनं नेमकी ही जागा हेरली.

कल्पना युरोपातली. १९६३ साली स्वित्झर्लंडमध्ये हापिमाग ही कंपनी निघाली, आणि त्याच दशकात फ्रान्सच्या आल्प्समध्ये हॉटेलातले आठवडे वाटून विकण्याचा प्रयोग झाला. डोंगरातलं सुट्टीचं घर वर्षातले बरेच आठवडे कुलूपबंद असतं, मग ते एकट्यानं कशाला घ्यायचं, अनेकांनी मिळून एकेक आठवडा घ्यावा, असा साधा विचार. १९७४ साली अमेरिकेत आरसीआय ही कंपनी स्थापन झाली आणि आपला आठवडा दुसऱ्या गावच्या आठवड्याशी बदलून घेण्याची सोय झाली. या मूळ विचारात मला आजही खोट दिसत नाही. एकत्र मिळून घेणं, वाटून वापरणं आपल्याला काही नवीन नाही.

आपल्याकडे हे रुजवलं ते चेन्नईच्या आर. सुब्रमणियन यांनी. १९८६ साली त्यांनी स्टर्लिंग हॉलिडे रिसॉर्ट्स काढली आणि कोडाइकनालपासून सुरुवात केली. नव्वदीच्या दशकात पगार वाढत होते, शेअर बाजाराची भाषा घराघरांत शिरली होती, आणि 'उद्याच्या सुट्ट्या आजच्या भावात' हे गणित लोकांना पटत होतं. विक्री भराभर झाली. रिसॉर्ट मात्र त्या वेगानं उभे राहिले नाहीत. कंपनी अडचणीत आली, सदस्यांना वाट पाहावी लागली. पुढे २०१४ साली थॉमस कुक इंडियानं ती आपल्याकडे घेतली. या धंद्याची एक नाजूक जागा तेव्हाच उघडी पडली होती. ग्राहक सगळे पैसे आज देतो, आणि कंपनी सेवा पुढची कित्येक वर्षं देणार असते. या व्यवहारात भरवसा ठेवावा लागतो तो फक्त ग्राहकाला.

१९९६ साली महिंद्रा समूह या क्षेत्रात उतरला. मुन्नारपासून सुरुवात करून क्लब महिंद्रानं पंचवीस वर्षांचं सदस्यत्व मराठी घरांत ओळखीचं केलं. वर्षाला सात रात्री, खोलीचा आकार ठरलेला, आणि सीझनला रंग : पर्पल, रेड, व्हाइट, ब्लू. पर्पल म्हणजे ऐन गर्दीचे दिवस, ब्लू म्हणजे मोकळे. रंग जितका वरचा तितकी किंमत जास्त. २००९ साली कंपनीचे शेअर बाजारात आले.

त्या सुरुवातीच्या सदस्यांची पंचवीस वर्षं गेल्या काही वर्षांतच पुरी झाली. म्हणून आता अंदाजावर बोलायची गरज नाही, पूर्ण झालेल्या मुदती समोर आहेत. १९९८ साली पस्तिशीत सदस्य झालेला माणूस डोळ्यांपुढे आणा. मुलं सहा आणि नऊ वर्षांची. पहिली सात-आठ वर्षं सोन्याची. मुन्नार, कूर्ग, गोव्यातलं वार्का. मुलं तरणतलावातून बाहेर यायला तयार नसत. मग थोरल्याची दहावी आली, त्याची बारावी, धाकटीची दहावी, तिची बारावी, सीईटी. चार-पाच वर्षं घरातून कुणी हललं नाही. त्यानंतर मुलं बंगळुरूला, पुढे एखादं परदेशी. आईवडील आजारी पडू लागले, त्यांना सोडून आठवडाभर जाणं जमेना. मग २०२० चा लॉकडाउन. साठीला मुदत संपली तेव्हा हाताशी वेळ भरपूर होता, आणि आठवडे संपलेले. हे कुणा एकाचं दुर्दैव नाही, घर वाढण्याची ही रीतच आहे. करार पंचवीस वर्षांचा असतो, पण मुलांसह सुट्टीला जाण्याची वर्षं जेमतेम दहा-बारा. हा मुद्दा माझ्या मते सगळ्यात मोठा आहे, आणि विक्रीच्या टेबलावर तो कुणी काढत नाही.

ते टेबलही नीट पाहायला हवं. मॉलमध्ये, पेट्रोलपंपावर किंवा गृहप्रदर्शनात एक कूपन भरून घेतात. आठवड्याभरात फोन येतो, तुम्हाला तीन दिवस दोन रात्रींचं गिफ्ट लागलं आहे, अट एवढीच, नवरा-बायको दोघांनी यायचं, क्रेडिट कार्ड बरोबर आणायचं. हॉटेलच्या हॉलमध्ये गोल टेबलं मांडलेली, मोठ्यानं गाणी लावलेली. एक तरतरीत तरुण समोर बसतो आणि आधी तुमच्याच सहलींची चौकशी करतो. गेल्या वर्षी कुठे गेलात, किती खर्च झाला? तो आकडा तो कागदावर मोठ्या अक्षरात लिहितो, त्याला पंचविसानं गुणतो, महागाई धरतो, आणि खाली एक भला थोरला आकडा येतो. मध्येच माइकवरून घोषणा होते, अमुक फॅमिली आपल्या परिवारात सामील झाली, सगळे टाळ्या वाजवतात. तुम्ही 'विचार करून सांगतो' म्हणालात की मॅनेजर येतो, किंमत खाली आणतो, आणि ही ऑफर आज, इथे बसूनच, असं सांगतो. दोन तास उलटलेले असतात, मूल कंटाळलेलं असतं. करार हातात येतो तो सहीच्या वेळी. त्या हॉलमध्ये भल्या शिकल्यासवरल्या लोकांनी सह्या केल्या आहेत. त्यांना भोळं म्हणून चालणार नाही. सगळी मांडणीच घरी जाऊन विचार करू न देण्यासाठी केलेली असते.

विक्रीवर एवढा भर का, याचं एक उत्तर हिशेबाच्या वह्यांत होतं. महिंद्राच्या पद्धतीत सदस्यत्व शुल्कातला ६० टक्के भाग सुरुवातीलाच उत्पन्न म्हणून धरला जाई आणि उरलेला ४० टक्के मुदतीवर पसरला जाई. १ एप्रिल २०१८ पासून हिशेबाचं नवं मानक लागू झालं आणि हे शुल्क पूर्ण मुदतीवर वाटून दाखवावं लागू लागलं. पंचवीस वर्षांच्या सेवेचे पैसे पंचवीस वर्षांत कमावले जातात, हे कागदावर यायला इतकी वर्षं लागली.

आतापर्यंत सांगितलेल्या कंपन्यांनी निदान खोल्या बांधल्या आणि लोक तिथे राहिले. महाराष्ट्राला खरी जखम झाली ती दुसऱ्याच वाटेनं. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्ज कंपनीनं 'रूम नाइट्स' विकल्या. एकरकमी किंवा हप्त्यानं पैसे भरा, खोली वापरा. आणि वापरली नाही तर मुदतीअखेर वाढलेली रक्कम परत घ्या. हे शेवटचं वाक्य ऐकूनच लोक पैसे भरत होते. विकणारे अनोळखी नव्हते. पोस्टाची आरडी गोळा करणाऱ्या ताई, विम्याचे एजंट, निवृत्त शिक्षक, सोसायटीतले शेजारी. पैसे भरणाऱ्यांत कितीतरी जण असे होते की त्यांनी रिसॉर्टचं तोंडही पाहिलं नव्हतं, पाहायचंही नव्हतं. त्यांना मुलीच्या लग्नासाठी, घराच्या स्लॅबसाठी पैसे हवे होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये सेबीनं आदेश काढला : ही नोंदणी नसलेली सामूहिक गुंतवणूक योजना आहे, पैसे परत करा. सुमारे ५१ लाख लोकांचे ७,०३५ कोटी रुपये. २०१७ साली अपील न्यायाधिकरणानं हा आदेश कायम ठेवला, पुढे कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. रॉयल ट्विंकल स्टार क्लब या मुंबईच्याच दुसऱ्या कंपनीवर सेबीनं २०१५ मध्ये अशीच कारवाई केली. गावोगावच्या एजंटांना आपल्याच नातलगांसमोर तोंड लपवावं लागलं. त्यांतल्या अनेकांनी स्वतःचेही पैसे त्यातच घातले होते, हे विसरू नये.

या चाळीस वर्षांकडे मागे वळून पाहताना माझं एक मत पक्कं झालं आहे. सुट्टी हा खर्च आहे, चांगला आणि करावासा खर्च. तिच्यावर 'गुंतवणूक' अशी चिठ्ठी लागली की तिथून नुकसान सुरू होतं. सदस्यत्व घेताना 'हे तुम्ही कधीही विकू शकता' असं तोंडी सांगितलं जातं. विकायला निघालेल्या माणसाला गिऱ्हाईक सापडत नाही, सापडलं तर निम्म्याहून खाली भाव मागतं, आणि हस्तांतराचं शुल्क वेगळं. अमेरिकेतही जुने आठवडे एका डॉलरला काढायला लोक तयार होतात, कारण त्यांना वार्षिक देखभालीच्या बिलातून सुटायचं असतं.

हिशेब मात्र प्रत्येकानं स्वतः मांडून पाहावा. समजा सदस्यत्व चार लाखांचं, मुदत पंचवीस वर्षांची. हेच पैसे सात टक्क्यांनी ठेवून दर वर्षी सारखी रक्कम काढत गेलात, तर पंचवीस वर्षं वर्षाला सुमारे ३४,३०० रुपये मिळतात. म्हणजे तेवढे तुम्ही सोडले. त्यात वार्षिक शुल्क २० हजार धरा, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले २३,६००. एकूण ५७,९००. सात रात्रींनी भागा : रात्रीला सुमारे ८,३०० रुपये, जेवण आणि प्रवास वेगळा. दिवाळीत किंवा मे महिन्यात चौघांच्या कुटुंबाला स्वयंपाकघराची सोय असलेली प्रशस्त खोली या भावात चांगल्या जागी मिळणं सोपं नाही, तेव्हा आठवडा दर वर्षी वापरणाऱ्याला हा सौदा परवडतो. शिवाय हॉटेलचे दर वाढतील, ३४ हजारांचा भाग वाढणार नाही, हेही खरं. पण वार्षिक शुल्क वाढत जातं. वर्षाला सहा टक्क्यांनी वाढलं तर बारा वर्षांत ते दुप्पट होतं. आणि पाच वर्षांतून तीनदाच जाणं झालं, राहिलेले दिवस बुडाले, तर तीच रात्र जवळपास १३,८०० रुपयांना पडते. सदस्यत्व हप्त्यानं घेतलं असेल तर व्याज निराळं.

शिवाय हवी ती तारीख मिळायला हवी. महागड्या रंगाचं सदस्यत्व असलं तरी दिवाळीची वार्काची खोली तेवढ्याच रंगाच्या शेकडो घरांना हवी असते. बुकिंगची खिडकी उघडते त्या सकाळी जे फोनवर किंवा अ‍ॅपवर बसतात त्यांना मिळते. ज्यांची रजा पंधरा दिवस आधी मंजूर होते, त्या पोलिसाला, डॉक्टरला किंवा दुकानदाराला हे जमायचं कसं? दुसरीकडे शाळा-कॉलेजातले शिक्षक, ठरलेल्या रजा असलेले सरकारी कर्मचारी, ज्यांची तीन पिढ्यांची कुटुंबं एकत्र सुट्टीला जातात असे लोक : त्यांनी सदस्यत्व पुरेपूर वापरलेलं मी पाहिलं आहे, आणि त्यांचा आनंद खरा आहे.

कायद्यानं मात्र आपल्या ग्राहकाला वाऱ्यावर सोडलं आहे. युरोपीय संघात २००८ च्या निर्देशानुसार टाइमशेअर घेणाऱ्याला सहीनंतर चौदा दिवसांत कारण न देता करार मोडता येतो, आणि त्या चौदा दिवसांत कंपनीला एक पैसाही आगाऊ घेता येत नाही. आपल्याकडे टाइमशेअरसाठी स्वतंत्र कायदाच नाही. काही कंपन्या करारात स्वतःहून थोड्या दिवसांची मुदत देतात, पण ती त्यांच्या मर्जीवर. चौदा दिवसांचा तो नियम इथे आला तर त्या गोल टेबलांवरची निम्मी जबरदस्ती आपोआप थांबेल. ग्राहक संघटनांनी हा आग्रह धरायला हवा, आणि आपल्या खासदारांपुढे तो मांडायला हवा.

तोवर माझा सल्ला असा. धाकटं मूल आठ-नऊ वर्षांच्या आतलं असेल, रजा आधी ठरत असतील, पैसे कर्ज न काढता देता येत असतील आणि तुम्ही एरवीही दर वर्षी आठवडाभर जात असाल, तर विचार करा. त्यातही कमी मुदतीची योजना असेल तर ती आधी पाहा. यातली एक जरी गोष्ट नसेल तर घेऊ नका. कराराची प्रत घरी नेऊ देत नसतील तर तिथून उठा. तोंडी दिलेलं प्रत्येक आश्वासन कागदावर मागा. ज्यांनी आधीच घेतलं आहे त्यांनी वार्षिक शुल्क थकवू नये, थकबाकी असली की बुकिंग अडू शकतं; जाणं होत नसेल तर नियमात बसत असल्यास भावाला, भाचीला तो आठवडा द्यावा. आणि फसवणूक झाली असेल तर गप्प बसू नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते.