मेगापिक्सेल किती सांगतो?

‘48 मेगापिक्सेलचा कॅमेरा’ असे मोबाइलच्या जाहिरातीत आपण वाचतो. आकडा मोठा म्हणजे फोटो चांगला, असे आपण धरून चालतो. हा आकडा नेमके काय मोजतो, ते एका छोट्या कृतीतून पाहू या.

आलेखकागदावर 10 सें.मी. व्यासाचे वर्तुळ काढा. 1 सें.मी. बाजूच्या ज्या चौकटींचा अर्ध्याहून अधिक भाग वर्तुळात येतो, त्या पूर्ण रंगवा. बाकीच्या कोऱ्या ठेवा. वर्तुळाची कड पायऱ्यांसारखी दिसेल. आता हेच अर्धा सें.मी.च्या चौकटी घेऊन करा. पायऱ्या निम्म्या झाल्या, पण चौकटी चौपट लागल्या!

कॅमेऱ्यात भिंगामागे सेन्सर नावाची सिलिकॉनची चिप असते. तिच्यावरची एकेक चौकट म्हणजे पिक्सेल. दहा लाख पिक्सेल म्हणजे एक मेगापिक्सेल. स्टीव्हन सॅसन यांनी 1975 साली कोडॅक कंपनीत बनवलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यात अवघे 10,000 पिक्सेल होते. आपल्या कृतीवरून लक्षात येईल, की 12 चे 48 मेगापिक्सेल झाले, तरी बारकावे फार तर दुप्पट होतात, चौपट नव्हे.

शिवाय चिप तेवढीच ठेवून चौकटी चौपट केल्या, तर प्रत्येकीच्या वाट्याला पाव प्रकाश येतो. मंद उजेडात फोटो खरखरीत दिसतो. म्हणून अनेक मोबाइल शेजारच्या चार चौकटींची बेरीज करून एकच पिक्सेल बनवतात. म्हणजे 48 चे पुन्हा 12!

रंगांचे काय? ब्राइस बायर यांना 1976 साली पेटंट मिळालेल्या मांडणीत प्रत्येक चौकटीवर लाल, हिरवी किंवा निळी अशी एकच गाळणी असते. चौकट एकच रंग मोजते. उरलेले दोन रंग शेजारच्या चौकटींवरून हिशेबाने काढतात. बहुतेक कॅमेरे आजही याच तत्त्वावर चालतात.

डिजिटल झूममध्ये तर चित्राचा मधला तुकडा कापून ताणतात. चौपट झूम केला, की 12 मेगापिक्सेलपैकी सोळावा हिस्सा, म्हणजे 7.5 लाख पिक्सेल उरतात. मधल्या जागा अंदाजाने भरल्या जातात. भिंगे हलवून किंवा बदलून होणाऱ्या ऑप्टिकल झूममध्ये मात्र संपूर्ण चिप वापरात राहते.

शाळेच्या निसर्गनिरीक्षणात याला फार महत्त्व आहे. पानावरच्या जिवाला पाय सहा की आठ, यावरून तो कीटक की कोळी हे ठरणार असेल, तर ताणलेल्या फोटोतला धूसर पाय पुरावा म्हणून चालणार नाही. प्रकाशाने नोंदवले तेवढेच निरीक्षण, बाकीचा अंदाज. म्हणून आम्ही सुचवतो, की झूम न करता जवळ जावे, भरपूर उजेड घ्यावा, शेजारी मोजपट्टी ठेवावी आणि पाय आधी हातातल्या भिंगातून मोजावेत.